महजराविना गोतसभा

मुंबई शहरात पैसे न मोजता, काही विकत न घेता आणि कोणी उठवील या धास्तीवाचून दोन घटका बसता येईल अशी जागा मिळणे किती दुर्घट आहे याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना दादरच्या शिवाजी पार्काभोवतीच्या कट्ट्याचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. ज्यांनी घेतला नाही त्यांच्या माहितीसाठी एवढेच सांगतो की, सुमारे 28 एकरांच्या त्या मैदानाला सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर लांबीची एक बुटकी भिंत वेढून आहे. ती बांधणाऱ्याचा हेतू मैदानाची हद्द दाखविण्याचा असावा, परंतु तिची उंची अशी काही साधली आहे की साठी उलटलेल्या गृहस्थाला तिच्यावर बसताना फारसे वाकावे लागत नाही आणि उठताना कोणाचा हात मागावा लागत नाही. त्यामुळे हद्द दाखविण्याचे काम तिने केव्हाच सोडून दिले असून आजूबाजूच्या रहिवाशांना आपापली मते व्यक्त करण्यासाठी आसन पुरविणे हाच तिचा प्रधान व्यवसाय होऊन बसला आहे.

हे मैदान 1925 साली लोकांसाठी खुले झाले तेव्हा त्याचे नाव 'माहीम पार्क' असे होते. पुढे 1927 साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात महाराजांच्या जन्माचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव साजरा झाला. कारण जन्मवर्ष 1627 हे तेव्हा सर्वमान्य होते. सर्वमान्य म्हणजे, एक हरकत वगळता. लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शके 1551 ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे इंग्रजी हिशेबाने 19 फेब्रुवारी 1630, अशी नोंद निघाली होती. याचा अर्थ असा की, या मैदानाचे बारसे ज्या उत्सवाच्या वर्षी झाले त्या उत्सवाच्या गणितावर एक लेखी हरकत अकरा वर्षे अगोदरच दाखल होऊन पडलेली होती. पुढे शासनाने तीच तारीख मान्य केली, तरी जयंती तिथीने साजरी करावी की तारखेने हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. ज्या मैदानाच्या जन्मपत्रिकेतच हरकतीचा योग आहे त्याच्या भिंतीवर बसणाऱ्यांनी एकमत करावे अशी अपेक्षा बाळगणे मला तरी अन्यायाचे वाटते.

मोठे आवाज या मैदानाने पुष्कळ ऐकले आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या सभा येथे गाजल्या, राजकीय पक्षांच्या विराट मेळाव्यांची येथे परंपरा निर्माण झाली, आणि इतके सगळे ऐकून झाल्यावर 2010 साली उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला. तो हुकूम आमच्या रेल्वेवाल्यांना लागू होतो किंवा कसे, हा विषय त्या काळी काही संध्याकाळी चर्चेला होता. रेल्वेवाले हे उभी हयात कारखान्यातल्या यंत्रांच्या खडखडाटावर आपला आवाज चढवून बोलत आलेले गृहस्थ. निवृत्तीनंतर यंत्रे सुटली, आवाज तेवढा बरोबर आला. त्यांच्या शेजारी जे वकीलसाहेब बसतात, आणि जे त्यांच्याच इमारतीत नेमके त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतात, त्यांनी असा अभिप्राय दिला की हुकमातला निषेध ध्वनिवर्धक यंत्रांपुरता असून ईश्वरदत्त कंठास तो बाधत नाही. हा अभिप्राय फुकट आहे ना, एवढे रेल्वेवाल्यांनी दोनदा विचारून घेतले.

कट्ट्यावर बसण्याचा हक्क सर्वांना सारखा आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी एकदा आमच्यातल्या निवृत्त मास्तरांच्या जागेवर बसून पाहावे. पेशवाईतल्या गावांत मिरासदार आणि उपरी असे कुळांचे दोन वर्ग असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती त्याला विकता येई, गहाण टाकता येई, आणि गाव सोडून परागंदा झाला तरी परत येऊन तिच्यावर हक्क सांगता येई. उपऱ्याने मात्र ठरावाच्या मुदतीपुरती जमीन कसावी आणि मुदत सरताच मुकाट्याने वाट धरावी. हे दोन्ही वर्ग सरकारी दप्तरांतून नाहीसे झाले असले तरी या भिंतीवर सुखाने नांदत आहेत. केळूसकर मार्गाच्या अंगाला एका विशिष्ट झाडाच्या सावलीचे टोक पाच वाजता जेथे येऊन टेकते, तेथून डावीकडे चार हात ही मास्तरांची मिरासी होय. तिला सातबारा नाही, सनद नाही. परंतु बारा वर्षांच्या वहिवाटीने हक्क सिद्ध झाला आहे असे वकीलसाहेब कायद्याच्या आधाराने सांगतात. सरकारी जागेवर ही मुदत बारा नसून तीस वर्षांची असते हे त्यांना ठाऊक आहे. पण मास्तरांना निवृत्त होऊन अजून तीस वर्षे झालेली नसल्यामुळे मुदतीचा कायदा त्यांनी मास्तरांपुरता शिथिल केला आहे.

एखादा अनभिज्ञ उपरी त्या जागेवर बसलेला आढळला तर त्याला कोणी उठवीत नाही. तसे करणे ग्राम्यपणाचे ठरेल. मास्तर येतात, त्याच्यापासून दोन पावलांवर उभे राहतात आणि मैदानातल्या सामन्याकडे पाहू लागतात. ते उभे आहेत म्हटल्यावर बाकीची मंडळीही एकेक करून उभी राहतात. पाचसहा वयोवृद्ध गृहस्थ आपल्यासमोर उभे असून बसलेले आपण एकटेच आहोत हे लक्षात आल्यावर कोणत्याही सुसंस्कृत मनुष्याची मांडी अवघडते. तो उठून "बसा ना काका" म्हणतो, आणि मास्तर "छे छे, बसा हो तुम्ही, आमचं काय!" असे म्हणत म्हणत बसतात.

यात आणखी एक गुंता असा की एकाच दगडावर दिवसातून तीन पाळ्यांची मिरासदारी चालते. पहाटेच्या पाळीला फेऱ्या मारून घामाघूम झालेले लोक असतात आणि त्यांची मते बहुतांशी रक्तातल्या साखरेविषयी असतात. संध्याकाळी आमची निवृत्त मंडळी, जिला विषयाचे बंधन नाही. रात्री नऊनंतर तरुणांचा अंमल सुरू होतो. ते मते देत नाहीत, नुसते हसतात, आणि ते नेमके कशाला हसतात याविषयी संध्याकाळच्या पाळीला दाट संशय आहे.

आता प्रत्यक्ष मतांकडे वळतो. आमच्याकडे काही दावे हंगामी आहेत, काही बारमाही. बारमाही दाव्यांत धुळीचा दावा सर्वांत जुना. मैदानातली लाल माती उन्हाळ्याच्या वाऱ्याबरोबर उठते आणि भोवतालच्या इमारतींच्या खिडक्यांतून आत शिरून पुस्तकांवर, देवांवर आणि वाढलेल्या ताटांवर समदृष्टीने बसते. तिच्यावर पाणी शिंपडून झाले, गवत लावून झाले, पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्यासाठी विहिरी झाल्या, माती उपसून नेण्याचे बेतही झाले. एवढ्या अवधीत आमच्याकडे या प्रश्नावर चार पक्ष बनले. मास्तरांचा पक्ष म्हणतो की पूर्वी धूळ नव्हती. पूर्वी मुले अनवाणी खेळत, आता बुटांच्या खिळ्यांनी माती उखडते. आयुर्विमावाल्यांचा पक्ष म्हणतो की धूळ आहे, परंतु ती आरोग्यास पोषक आहे. मातीत लोळून वाढलेल्या पिढीला दमा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. हे ते सांगत असतात तेव्हा त्यांच्या खिशात दम्याचा पंप असतो. पण त्याचा उल्लेख करणे आमच्याकडे शिष्टसंमत नाही. रेल्वेवाल्यांचा पक्ष अभियांत्रिकी स्वरूपाचा असून मैदानाची पातळी किती इंच खाली न्यावी एवढ्यावरच त्यांचे घोडे अडले आहे. तो आकडा ते ऋतुमानाप्रमाणे बदलतात. वकीलसाहेबांचे मत असे की प्रथम जबाबदारी निश्चित झाली पाहिजे, आणि ती होईपर्यंत धुळीने आहे त्या जागी राहावे. चारही मते ऐकून मला इतके उमगले आहे की त्यांतले एकही मत धुळीस उद्देशून दिलेले नसते. शेजाऱ्याने मत दिले म्हणजे त्याने हजेरी दिली, एवढाच त्याचा अर्थ. मी अजून याच गल्लीत राहतो, मला अजून दिसते, ऐकू येते आणि रागही येतो, हे रोज सायंकाळी चारचौघांत नोंदवून जाणे ज्याला आवश्यक वाटते, त्याने तसे उघड म्हटले तर लोक त्याला वैद्याकडे नेतील. म्हणून तो धुळीविषयी बोलतो.

पुराव्याचे आमचे नियम इंडियन एव्हिडन्स ॲक्टाहून भिन्न आहेत. त्या कायद्यात ऐकीव माहितीला सहसा थारा नव्हता; आमच्याकडे ती सर्वश्रेष्ठ गणली जाते, आणि ती जितक्या दूरच्या आप्ताकडून आलेली असेल तितके तिचे वजन वाढते. मुलाने सांगितलेल्या गोष्टीकडे कोणी लक्ष देत नाही, जावयाने सांगितलेलीकडे मान वळते, आणि साडूच्या भाच्याने, जो 'वरती' कोठेतरी कामाला आहे, सांगितलेली गोष्ट ऐकताना मंडळी शेंगदाणे सोलण्याचे थांबतात. "पेपरात आलं होतं" हा आधार दुर्बळ समजला जातो, कारण जे पेपरात आले ते सर्वांनाच कळले. हल्ली मोबाइलवर येणारे लांबलचक मजकूर हा नवा दस्तऐवज पुढे आला आहे. तो अस्सल की बनावट हे पाहण्याची चाल नाही, कोणी पाठविला आणि तो आपल्याला अगोदर आला होता की काय, एवढेच पाहतात.

साक्षीदारांच्या बाबतीत मात्र हा कट्टा भाग्यवान. रमाकांत आचरेकरांनी ज्या मैदानावर मुलांना क्रिकेट शिकविले ते हेच. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवून, सचिन तेंडुलकर बाद झाला तर नाणे गोलंदाजाचे आणि नाबाद राहिला तर त्याचे, हा त्यांचा खेळ जगजाहीर आहे. आता मैदानाच्या कडेला आचरेकरांचे स्मारकही झाले. या गोष्टीचा परिणाम असा की, सचिनमधील गुण सर्वप्रथम आपल्याच लक्षात आले असे सांगणारे गृहस्थ या भिंतीवर दर दहा पावलांवर भेटतात, आणि त्या बिचाऱ्या मुलाने सराव केला तरी केव्हा, इतक्या लोकांनी त्याला अडवून "बाळा, तू मोठा होणार" असे सांगितले असेल तर, याचे मला कोडे पडते. विनोद कांबळीसह त्याने केलेली 664 धावांची अभंग शालेय भागीदारी 1988 च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर झाली. आमच्यापैकी तिघांनी ती येथे, शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर बसून, पहिल्या चेंडूपासून पाहिलेली आहे. त्यांच्यात मतभेद आहे तो उन्हाविषयी: मास्तरांच्या मते त्या दिवशी ढग होते.

गुडघेदुखीवर येथे काय काय सांगितले जाते ते लिहीत बसत नाही. मंडळीत एक नामांकित अस्थिरोगतज्ज्ञ आहेत आणि त्यांना गुडघ्यांविषयी मत देण्याची संधी अद्याप मिळालेली नाही, यावरून काय ते ओळखावे. खाण्याच्या बाबतीत एवढेच की, 2015 साली लंडनच्या एका संस्थेने दादरच्या मिसळीला जगातल्या सर्वांत रुचकर शाकाहारी पदार्थाचा मान दिला, तेव्हा "हे आम्ही केव्हापासून सांगतोय" आणि "आता तिथं जायला नको, रांग लागेल" ही दोन वाक्ये एकाच दमात उच्चारली गेली होती.

आता या सगळ्या दाव्यांचा निकाल काय, असे कोणी विचारील. मराठी राज्यात गावचा तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभा बसे. देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, बलुतेदार अशी सगळी मंडळी जमत. वादी-प्रतिवादी अगोदरच लिहून देत की जो निकाल होईल तो आम्हांस कबूल. मग साक्षी-पुरावे होऊन निर्णयाचा महजर तयार होई. त्यावर हजर असलेल्यांची नावे पडत, ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याची निशाणी काढीत, पाटलाने नांगर काढावा अशी रीत होती. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावी, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावी, आणि शिवाय हरणाऱ्याने 'मी खोटा ठरलो, पुन्हा या गोष्टीवरून कथळा करणार नाही' असे येजितखत आपल्या हाताने लिहून द्यावे. अशा व्यवस्थेत न्याय होत असेल. पण येजितखत लिहून देणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी त्याच पारावर गप्पा मारावयास कोणत्या तोंडाने येत असेल, हा विचार मला कित्येकदा पडतो. आमच्या कट्ट्यावर आजपर्यंत कोणी येजितखत लिहून दिलेले नाही. रात्रीचे आठ वाजतात, घरून दूरध्वनी येऊ लागतात, दावा अर्धवट अवस्थेत भिंतीवरच सोडून मंडळी उठतात आणि दुसऱ्या दिवशी तोच दावा, त्याच साक्षीदारांसह, नव्याने दाखल होतो. जो काल हरता हरता वाचला तो आज निर्भयपणे पुन्हा तेच बोलू शकतो.

हेच शेजारी लेखणीच्या सान्निध्यात आले म्हणजे कसे होतात, ते पाहावयाचे असेल तर त्यांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेस जावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम हा 1960 चा; त्याखालच्या उपविधींप्रमाणे या सभेची 14 पूर्ण दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि एकंदर सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा 20, यांत जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. तितके हजर कधीच नसतात. म्हणून नोटिशीतच लिहून ठेवण्याची चाल आहे की, गणसंख्या न भरल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही. तहकुबीचा तो अर्धा तास फार मौजेचा असतो. इमारतीखाली मोटारींच्या मधल्या जागेत खुर्च्या मांडलेल्या असतात, चहा आलेला असतो, कोणाच्या नातीचे लग्न ठरलेले असते, कोणाचा मोतीबिंदू काढलेला असतो, पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी केलेल्या वड्या फिरत असतात. अर्धा तास संपतो, चिटणीस इतिवृत्ताची वही उघडतात, आणि त्या वहीच्या नुसत्या आवाजाने इतका वेळ वडी खाणारा मनुष्य 'सन्माननीय सभासद' होऊन आपला चष्मा पुसू लागतो.

रेल्वेवाले आणि वकीलसाहेब यांचा गळतीचा तंटा या वहीत पाच वर्षांपासून नांदतो आहे. वरच्या न्हाणीघरातले पाणी झिरपून खालच्या शयनगृहाच्या छतावर ओल आली. वकीलसाहेबांनी आपल्या पहिल्याच अर्जात त्या डागाची चतुःसीमा दिली: पूर्वेस पंख्याचा आकडा, पश्चिमेस भिंत, उत्तरेस तुळई, दक्षिणेस वादग्रस्त. रेल्वेवाल्यांनी उत्तरात कळविले की पाणी वरून खाली येते हे तत्त्व त्यांस मान्य असले तरी हेच पाणी त्यांच्याच न्हाणीघरातले आहे याला आधार नाही. आवक क्रमांक, जावक क्रमांक, स्मरणपत्र, अंतिम स्मरणपत्र, अंतिम स्मरणपत्राचे स्मरणपत्र असा तो व्यवहार वाढत गेला आणि सभेत ते दोघे एकमेकांशी केवळ अध्यक्षांच्या द्वारे बोलत. तेच दोघे कट्ट्यावर मांडीला मांडी लावून बसत. ज्याला अगोदर यावयास मिळे तो दुसऱ्यासाठी दगडावर रुमाल टाकून ठेवी. आणि गळती हा शब्द तेथे दोघांनीही कधी उच्चारला नाही. शेवटी एका दुपारी, दोन्ही यजमान वामकुक्षीत मग्न असता, दोघांच्या घरच्या मंडळींनी परस्पर प्लंबर बोलावला, न्हाणीघरातल्या लाद्यांच्या फटींत पांढरे सिमेंट भरून घेतले आणि खर्च निम्मा निम्मा वाटून टाकला. डाग वाळला. पत्रव्यवहार मात्र चालू आहे, कारण तो बंद करण्याविषयी अजून ठराव झालेला नाही.

बायकांची मजालस, जी आमच्यापासून थोडी अलीकडे गणपतीच्या देवळाच्या बाजूला बसते, तिच्याविषयी मी लिहीत नाही. तेथे खरोखरीच निकाल लागतात, म्हणून ती या लेखाच्या कक्षेबाहेर आहे.

अशा या आमच्या बेदप्तरी राज्यात एके दिवशी दप्तर शिरले. मंत्रालयातून निवृत्त झालेले एक अवर सचिव आमच्या परिसरात राहावयास आले आणि उपरी या नात्याने भिंतीच्या टोकाला बसू लागले. काही दिवस त्यांनी सर्व ऐकून घेतले, आणि मग अत्यंत सौम्य शब्दांत अशी सूचना केली की, तेच ते विषय पुनःपुन्हा उपस्थित होऊन वेळेचा जो अपव्यय होतो तो टाळण्यासाठी कामकाजाची नोंद ठेवली जावी. आमच्या वेळेचा अपव्यय होतो हे आम्हांस कोणी प्रथमच सांगत होते. त्यामुळे मंडळी किंचित सुखावली आणि नाही कोणी म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी ते जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची नोंदवही घेऊन आले. तीत रकाने आखलेले होते: अनुक्रमांक, विषय, मत देणाऱ्याचे नाव, मताचा गोषवारा, शेरा.

पहिल्याच दिवशी मास्तर नेहमीप्रमाणे "पूर्वी धूळ नव्हती" असे म्हणाले. अवर सचिवांनी टाक थांबवून नम्रपणे विचारले, "पूर्वी म्हणजे कोणत्या सालापूर्वी, मास्तर?" चाळीस वर्षे दुसऱ्यांना सनावळ्या विचारण्यात ज्यांनी घालविली, त्या मास्तरांना स्वतःला साल विचारले जाण्याचा प्रसंग बहुधा पहिलाच असावा. ते मैदानाकडे पाहू लागले. गोषवाऱ्यात 'धूळ: पूर्वी नव्हती' आणि शेऱ्यात 'कालावधी अनिश्चित' असे लिहिले गेले. आयुर्विमावाल्यांचे मत नोंदविताना, सदर मत वैयक्तिक अनुभवावर आधारित आहे काय, असा प्रश्न आला, आणि त्यांचा हात नकळत खिशाकडे गेला. पुढे एकदा रेल्वेवाल्यांनी मैदानाची पातळी नऊ इंच खाली नेण्याचे सांगितले तेव्हा मागल्या सोमवारी हाच आकडा चौदा असल्याचे पान उलटून दाखविण्यात आले. त्यानंतर 664 धावांचा विषय निघाला. अवर सचिवांनी मोबाइलवर शोधून, सामना आझाद मैदानावर झाल्याचा आधार काढून दाखविला आणि तिन्ही प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांच्या नावांसमोर एकच कंस घालून शेरा मारला, 'दावा अग्राह्य'.

पंधरा दिवसांत कट्ट्याची रया गेली. मंडळी बोलण्यापूर्वी घसा साफ करू लागली. "माझं असं मत आहे" याच्या जागी "माझे मत, ते नोंदविणार नसाल तर, असे आहे" हा पाठ रूढ झाला. आदल्या दिवशीच्या गोषवाऱ्यातल्या शब्दयोजनेवर दुसरा दिवस खर्ची पडू लागला. वकीलसाहेबांनी संपूर्ण वहीची सहीशिक्क्याची नक्कल मागितली, आणि शिक्का कोणाचा, यावर तीन संध्याकाळी गेल्या. अस्थिरोगतज्ज्ञांना तेवढा लाभ झाला, त्यांचे नाव रकान्यात कोरेच दिसते हे लक्षात येऊन त्यांना प्रथमच "डॉक्टर, तुमचं काय म्हणणं गुडघ्याबद्दल?" असे विचारण्यात आले, परंतु इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी "तुमचं चालू द्या" असे उत्तर दिले. मग एके दिवशी रेल्वेवाल्यांच्या तोंडून, आमच्या न्हाणीघराच्या लाद्या, असे दोन शब्द निसटले. वहीत 'विषय: गळती' असे पडले. आणि दुसऱ्या संध्याकाळी रुमाल आढळला नाही. त्या दोघांत चार हात अंतर होते आणि त्या चार हातांत एक उपरी येऊन बसला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला. तासभर कोसळून थांबला, धूळ बसली, आणि मंडळी छत्र्या घेऊन कट्ट्यावर आली तो दगड निथळत होते. मास्तरांनी आपल्या जागेवर हात फिरवून पाहिला, इकडेतिकडे पाहिले, आणि अवर सचिव मैदानातले तळे पाहण्यात गुंतले आहेत असे पाहून त्यांची वही उचलली, आपल्या मिरासीवर पसरली आणि ते तिच्यावर बसले. थोड्या वेळाने शोधाशोध सुरू झाली.

"मास्तर, वही दिसली का?"

"माझ्याखाली आहे. जागा ओली होती."

अवर सचिव क्षणभर उभे राहिले. एखादा लेखी खुलासा मागविण्याचा विचार त्यांच्या मनात आला असावा. पण उभे राहून राहून पाय दुखतात, आणि उरलेली जागाही ओलीच होती. त्यांनी म्हटले, "जाड आहे हो ती. मधली पाने फाडली तर दोघांना पुरेल." मधली पाने, म्हणजे साधारण धुळीपासून गळतीपर्यंतची, निघाली, ती दोघांनाच काय, रेल्वेवाले आणि वकीलसाहेब यांनाही पुरली, आणि कागद आखूड असल्यामुळे त्या दोघांना पुन्हा मांडीला मांडी लावून बसावे लागले.

पावसाळा संपता संपता पहिला सराव सुरू झाला, नेटमधल्या एका मुलाने सुरेख कव्हर ड्राइव्ह मारला, आणि कोणीतरी म्हणाले की असा फटका त्या 664 च्या दिवशी पाहिला होता, येथेच बसून. आम्ही सर्वांनी सवयीने अवर सचिवांकडे पाहिले. त्यांनी हातातले शेंगदाणे तोंडात टाकले, सावकाश चावले आणि म्हणाले, "त्या दिवशी मीही होतो. त्या पलीकडच्या फाटकापाशी."

वकीलसाहेबांना उलटतपासणीचा मोह आवरला नाही. "अहो, तो कामकाजाचा दिवस. तुम्ही तेव्हा मंत्रालयात हजर नव्हता का?"

"हजेरीपटावर होतो," अवर सचिव म्हणाले, आणि मास्तरांकडे वळून त्यांनी विचारले, "ढगच होते ना हो त्या दिवशी?"